मदत हवी आहे: वेबसाइटचा खर्च एकाच वर्षात वजा करता येतो का?

नमस्कार मंडळी. माझा हातसाबण बनवून विकण्याचा व्यवसाय आहे, एकटीच्या नावावर. आर्थिक वर्ष २०२५-२६ चा हिशेब लावतेय आणि वेबसाइटपाशी घोडं अडलंय.

साइट नोव्हेंबरात सुरू झाली. डेव्हलपरचे १,२०,०००, त्यात ऑर्डरचं पान आणि पेमेंट गेटवे आलं. डोमेन-होस्टिंगचे वर्षाचे ९,५००, आणि साबणांचे फोटो काढून घेतले त्याचे १५,०००. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे बिलातला १८ टक्के कर धरूनच हे आकडे आहेत.

होस्टिंग चालू खर्च, त्यावर वाद नाही. प्रश्न त्या १,२०,००० चा. आमचे सीए म्हणतात, भांडवली खर्च (म्हणजे मालमत्ता घेतल्यासारखा) धरा, सॉफ्टवेअर म्हणून ४० टक्के घसारा लावा, म्हणजे दरवर्षी थोडा थोडा वजा करा. त्यातही मार्चअखेर वापराचे १८० दिवस भरत नाहीत, म्हणून यंदा निम्माच. म्हणजे वजावट अवघी २४,०००! दुसरे एक जाणकार म्हणतात, आयकर कायद्याच्या कलम ३७(१) खाली (धंद्याचे सर्वसाधारण खर्च) सगळा खर्च सरळ नफ्यातून वजा करा. दोघेही ठाम. कुणी प्रत्यक्ष दाखवलाय का असा?

खतावणी: आधी सांगा ताई, ४४एडी खाली, म्हणजे अंदाजे नफा धरून कर भरायच्या कलमाखाली भरता का? तसं असेल तर वादच मिटला. उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६) नफा दाखवला की खर्च, घसारा सगळं त्यातच आलं. वेगळं काही मागता येत नाही.

धागाकर्ती: नाही हो, हिशेबाच्या वह्या ठेवते. विवरणपत्र आयटीआर-३ नमुन्यात भरते.

जुना_हिशेबनीस: मग दोन्ही बाजूंना आधार आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने इंडियन व्हिजिट डॉट कॉमच्या प्रकरणात (२००८) वेबसाइटचा खर्च महसुली, म्हणजे त्याच वर्षी पूर्ण वजा होणारा, मानला. फायदा पुढे बरीच वर्षं मिळतो एवढ्यावरून तो भांडवली ठरत नाही. पण तुमची साइट ऑर्डर घेते, पैसे घेते. नुसत्या माहितीच्या पानांपेक्षा इथे अधिकारी आक्षेप घेण्याची शक्यता जास्त. मी असतो तर ऑर्डर-पेमेंटच्या भागावर घसारा घेतला असता आणि मजकूर, मांडणी, फोटो महसुलीत टाकले असते. फोटो तर सरळ विक्रीखर्चच. मात्र बिलात फोड हवी.

धागाकर्ती: बिलावर एकच ओळ आहे, 'वेबसाइट डेव्हलपमेंट'. कोटेशनमध्ये फोड दिलीय, ते चालेल?

जुना_हिशेबनीस: बिलाला जोडून ठेवा. आणि सीएंना आत्ताच दाखवा, विवरणपत्र भरून झाल्यावर नको.