तुमचं माणूस वादळाच्या वाटेवर होतं तेव्हा... (अनुभव धागा)

केळीबागेची सून
काल रात्री सावद्याकडे काय वावधन सुटलं बाई, पंधरा मिनिटांत निसवलेली केळी आडवी. लाईट गेली ती सकाळपर्यंत नव्हती. अंधारात पडल्या पडल्या मला २०२४ चा ऑक्टोबर आठवला, अमेरिकेतल्या मिल्टन चक्रीवादळाचा. म्हटलं धागा काढू, कोणाकोणाचं माणूस असं अडकलं होतं ते लिहा.

माझा धाकटा भाऊ फ्लोरिडात टँपाला, वहिनी आणि सात महिन्यांचं बाळ. इकडे घट बसलेले आणि तिकडून तो म्हणतो ताई, कॅटेगरी पाच झालंय, म्हणजे सगळ्यात वरची. आधीचं हेलिन वादळ जाऊन दोन आठवडे पण झाले नव्हते, लोकांचे भिजलेले सोफे अजून रस्त्याच्या कडेला. तिथली महापौर बाई टीव्हीवर सरळ सांगते, जो भाग सोडायला सांगितलाय तिथे थांबाल तर मराल. १० ते १५ फूट पाणी चढेल म्हणत होते. आमचे आप्पा उठले, दाराच्या चौकटीला वरपर्यंत हात लावला आणि म्हणाले, म्हणजे दोन दारं एकावर एक. माय फोनवर एकच धरून बसली, "बठ्ठं सोडी दे पन निंघी जाय तठून."

निघाले. ओरलँडोला गेले. आणि मी नकाशा बघते तर वादळाची रेघ पण राज्य ओलांडून त्याच अंगाला चाललेली!

९ तारखेला रात्री टीव्ही लावावा तर सगळीकडे रतन टाटा गेल्याची बातमी. वाईट वाटलंच, पण जीव फ्लोरिडात. अखंड दिव्यात तेल घालायच्या निमित्ताने तासातासाला उठून फोन बघायचा. आपल्या सकाळी सहाच्या सुमाराला ते सिएस्टा कीला धडकलं, टँपाच्या खाली. भावाचा मेसेज आला, "लाईट गेली, बाळ झोपलंय." तेवढंच. आप्पांना मी तो चार वेळा वाचून दाखवला.

भुसावळ जंक्शन
ताई केळीचं किती नुकसान? पंचनामा झाला का? फोटो आधी काढून ठेवा, विमावाले नंतर तारीख विचारतात

केळीबागेची सून
तलाठी भाऊसाहेब उद्या येतो म्हणालेत. फोटो काढलेत पण सगळे अंधारातले 😅

चोपड्याची लेक
आमचं हार्वे वादळ, अमेरिकेतलंच, टेक्सासचं. २०१७, गणेश चतुर्थीचाच दिवस, २५ ऑगस्ट. दादा ह्यूस्टनला. वादळ धडकलं रॉकपोर्टला, तिथून ह्यूस्टन बरंच लांब, म्हणून आम्ही सुटलो म्हणून मोदक खाल्ले. खरं संकट नंतर. ते हललंच नाही ना, तिथेच घुटमळत बसलं आणि चार दिवस नुसता पाऊस. वारा नाही, पाण्यानेच बुडवलं शहर. दादा दुसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये त्याच्या गाडीचं फक्त टप दिसत होतं, तो फोटो बघून आई म्हणे गाडी जाऊ दे रे, तू गच्चीवर जाऊ नको. तेव्हापासून आमच्याकडे वादळ "गेलं" असं कोणी बोलत नाही

शिरपूरचे नाना
अमेरिका कशाला, निसर्ग वादळ विसरले का सगळे. ३ जून २०२०. मुलगी अलिबागेत नोकरीला, लॉकडाऊन, येता येईना जाता येईना. दुपारी श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूला ते किनाऱ्याला लागलं आणि तिचा फोन बंद. चार दिवस बंद. मी मोबाईलवर तिचं नाव काढून नुसता हिरव्या बटणावर बोट ठेवून बसायचो, लावला तर "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकावं लागेल म्हणून लावायचो नाही. आणि गंमत बघा, तेच वादळ विरत विरत नाशिककडून आमच्याच बाजूला आलं. रात्री अंगणात पाऊस. बायको म्हणे, हे पोरीला बघून आलंय, पण बोलता येत नाही ह्याला. पाचव्या दिवशी पोरीने कोणाच्या तरी फोनवरून लावला, पहिलं वाक्य काय तर "नाना, कौलं गेली, माझी कुंडी राहिली."

कळण्याची भाकरी
नाना 🙏🙏 वाचून डोळे भरले

भुसावळ जंक्शन
कोणती कुंडी?

शिरपूरचे नाना
तुळशीची. अजून आहे.

टँपाकर (मूळ अमळनेर)
मी इथेच होतो मिल्टनला, म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. आम्हाला वादळाएवढीच भीती बॅटरीची. लाईट गेल्यावर फोन ३८ टक्के आणि आत्या, मामा, काका, शेजारचे, शाळेतला मित्र, सगळ्यांचा एकच प्रश्न, "पानी किती उनं?" अरे बाबांनो, पाणी गेलं होतं! खरंच. वादळ घड्याळाच्या उलटं फिरतं, डोळा (वादळाचा मधला भाग) आमच्या दक्षिणेला उतरला, म्हणून आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे, त्याने खाडीचं पाणी बाहेर ओढून नेलं, तळ उघडा पडला. डोळा थोडा वर उतरला असता तर तेच पाणी घरात. सेंट पीटर्सबर्गच्या बेसबॉल स्टेडियमचं छत मात्र फाटून चिंध्या झालं. आम्ही बाथटबमध्ये पाणी भरून ठेवलेलं, चार दिवस त्याच्याच बादल्या. काकू फोनवर म्हणाली, हे तर आपल्याकडे उन्हाळ्यात रोजच असतं 😂

चोपड्याची लेक
काकूंना नमस्कार सांगा 😂😂

वरणबट्टी
तिथे म्हणे वॅफल हाऊस नावाचं हॉटेल बंद झालं की समजायचं परिस्थिती गंभीर. आपल्याकडे शेवभाजीचा ढाबा बंद झाला तर? मी तर गाव सोडीन

भुसावळ जंक्शन
ढाबा चालू राहील हो, फक्त तर्री पातळ होईल

कळण्याची भाकरी
वादळ कुठून जाईल त्याच्या वेगवेगळ्या अंदाजांच्या त्या सात-आठ रेघांच्या नकाशाबद्दल कोणी लिहिलं नाही. शेवया वाळत घातल्यासारख्या. सासूबाई रोज विचारायच्या, आपली रेघ कोणती? मी आपली सगळ्यात लांबची दाखवायचे.

केळीबागेची सून
@टँपाकर भाऊ, ३८ टक्के वाचून लाज वाटली, मी त्या रात्री भावाला अकरा वेळा फोन केला होता. आत्ता लाईट आलीय इकडे. सकाळपासून त्याचे नऊ मिस्ड कॉल दिसताहेत, "ताई केळी किती पडली?" लावते त्याला.