मदत हवी आहे: पोरं कल्पना सांगताना अडखळतात, शनिवारपर्यंत काय करू?

तासगावची_मॅडम
काल सराव घेतला. पाचपैकी चार गट पोपटासारखे पाठ म्हणून मोकळे. मध्येच प्रश्न विचारला की गाडी परत "नमस्कार, आमच्या प्रकल्पाचे नाव" इथपासून! एक पोरगं तर छताकडं बघत शर्टाचं खालचं बटण काढत-लावत होतं. उपाय सांगा, लवकर. "आत्मविश्वास वाढवा" असलं नको, ते मीच रोज सांगते.

मिरज_लोकल
कितवीची पोरं? किती मिनिटं? मॉडेल तयार आहे का? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

तासगावची_मॅडम
नववी. चार मिनिटं, मग प्रश्न. मॉडेल नाही हो, नुसती कल्पना मांडायची आहे. शाळेतली निवड आहे.

हौशी_रंगकर्मी
सांगली जिल्ह्यात राहून हे विचारता? 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटक उभं केलं! पोरांना पटांगणात न्या, पन्नास पावलांवरून बोलायला लावा. आवाज सुटला की भीती सुटते.

मिरज_लोकल
नाटक नको, अण्णा. पाठांतराचाच तर घोळ आहे, त्यात तुमचे हातवारे कशाला?

हौशी_रंगकर्मी
पाठांतर म्हणजे नाटक, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

साउंड_सर्व्हिस
प्रोजेक्टर, कॉलर माइक भाड्यानं मिळेल. व्यनि (खाजगी निरोप) करा.

डिप्लोमावाला
मॅडम, एका गटाचं बोलणं जसंच्या तसं इथं टाका. त्याशिवाय काय सांगणार?

तासगावची_मॅडम
बटणवाल्याच्या गटाचं: "आमचे यंत्र बेदाणा शेडमध्ये पाऊस येण्याच्या दोन तास आधी अलार्म देते व शेतकऱ्याचे नुकसान टाळते." सेन्सर डीएचटी 11 लावणार म्हणतात.

डिप्लोमावाला
तो सेन्सर जिथं लावाल तिथलं तापमान आणि आर्द्रता सांगतो, आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडंतिकडं होतंच. पावसाचं त्याला काय कळणार? दोन तास आले कुठून?

तासगावची_मॅडम
विचारलं आत्ता. म्हणतो, "दोन तास बरं वाटतंय ऐकायला."

डिप्लोमावाला
मग छताकडंच बघणार की! जे अजून केलेलंच नाही ते "देते, टाळते" म्हणून सांगायचं, तर पाठ करण्यावाचून काय करेल बिचारा? तिथं "बघणार आहोत" घाला. काय दिसलं, काय करून बघायचंय, काय अजून माहीत नाही, एवढंच सांगू द्या. आणि कागद काढून घ्या.

मिरज_लोकल
परीक्षकापुढं "माहीत नाही" म्हणायचं? मार्क जातील.

डिप्लोमावाला
खोटे दोन तास पकडले गेल्यावर जास्त जातील.

बेदाणा_शेड
मधे बोलतो, माफ करा. ढग दिसतात की आम्हाला, पावसाला अलार्म कशाला? द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर वाळत टाकली की पंधरा दिवस जीव टांगणीला. रात्री दोनला हवा दमट झाली तर उठून पडदे कोण सोडणार, ही खरी अडचण. माल काळा पडला की दर गेला.

कवठे_महांकाळ
दरावरून आठवलं, हिरव्याला सध्या काय भाव चाललाय?

बेदाणा_शेड
पुसू नका.

तासगावची_मॅडम
थांबा थांबा. त्या पोराच्या घरी शेड आहे! बाप रात्री उठतो ते त्याला माहीत आहे, पण बोलण्यात त्याचा एक शब्द नाही.

डिप्लोमावाला
तिथूनच सुरू करायला सांगा. "नमस्कार" सुद्धा नको.

तासगावची_मॅडम
आज कागदाशिवाय घेतलं. "आमचे पप्पा रात्री दोन वेळा उठतात. हवा दमट झाली की आधी घंटी वाजवता येते का, ते बघणार आहोत. किती आर्द्रतेला वाजवायची ते शेडमध्ये आठ दिवस मोजल्यावर कळेल." दीड मिनिटात संपलं. मी मुद्दाम मध्येच विचारलं, वीज गेली तर? म्हणाला, "ते राहिलंच, मॅडम." पण परत नमस्कारापासून सुरू केलं नाही. उरलेल्या तीन गटांचं उद्या टाकते.

हौशी_रंगकर्मी
शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं का?

तासगावची_मॅडम
नाही.

हौशी_रंगकर्मी
पटांगण. पन्नास पावलं.