प्रत्येक मेडिकल कॉलेजला एक्मो द्या, ही मागणी मला पटत नाही

दुधनाकाठ (धागाकर्ता)

आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निवेदन फिरतंय. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, तर प्रत्येक ठिकाणी एकेक एक्मो मशीन द्या, अशी मागणी. सह्या भराभर पडल्या. मी केली नाही म्हणून दोन दिवस शिव्या खातोय. भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं आयसीयूत काढलीत. इथं सविस्तर लिहितो, उरलेल्या शिव्या इथं खाईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जांघेतल्या मोठ्या शिरेत करंगळीएवढी जाड नळी घालून रक्त बाहेर काढायचं, पंपानं एका कृत्रिम फुप्फुसातून फिरवायचं आणि परत शरीरात सोडायचं. शिरेत परत सोडलं तर फुप्फुसाला आराम, धमनीत सोडलं तर हृदयाचाही भार उचलला जातो. मूळ आजारावर याचा काही इलाज नाही. आजार उतरेपर्यंत माणसाला धरून ठेवायचं, एवढंच.

आता पुरावा. फुप्फुसासाठी २०१८ ची इओलिया चाचणी: २४९ रुग्ण, ६० दिवसांत एक्मोच्या गटात ३५ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत ४६. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो. हृदयासाठी २०२३ ची ईसीएलएस-शॉक, जर्मनी आणि स्लोव्हेनियातली, ४१७ रुग्ण. ३० दिवसांत मृत्यू एक्मोच्या गटात ४७.८, नेहमीच्या उपचारांत ४९ टक्के, म्हणजे फरक नाहीच. रक्तस्राव मात्र २३.४ विरुद्ध ९.६, आणि पायाचा रक्तपुरवठा अडण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट.

याउलट २०१३ ची प्रोसेव्हा. फुप्फुसं गंभीर निकामी झालेले ४६६ रुग्ण, निम्म्यांना रोज किमान १६ तास पालथं झोपवलं. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर. याला लागतं काय? उशा आणि माणसं. आपल्याकडे ते धड होत नसताना काही लाखांच्या खेळाची मागणी कशाला?

बालाघाटचा

डॉक्टरसाहेब, २०२१ च्या एप्रिलमध्ये माझा मेव्हणा बीडात व्हेंटिलेटरवर होता. वय ३८. तिथल्या डॉक्टरांनी एक्मोचं नाव काढलं आणि सांगितलं, पुणे नाहीतर हैदराबाद बघा. पुणे अडीचशे किलोमीटर. तीन दिवस फोन केले. बेड मिळाला तेव्हा अँब्युलन्सवाला म्हणाला, हा पेशंट अहमदनगरच्या पुढं टिकणार नाही. गेलाच नाही. बीडातच संपला.

मोठ्या शहरांत ही मशीनं आली तेव्हा इओलियाचा निकाल लागायची वाट कुणी पाहिली होती? पुरावा मागायची पाळी आमच्यावरच कामून येते? आणि १०० माणसांत ११ जास्त वाचले हे ‘कसोटीला उतरलं नाही’ म्हणून सोडून द्यायचं? त्या चाचणीत साध्या उपचारांतले २८ टक्के लोक शेवटी एक्मोवर घ्यावे लागले होते, हे तुम्ही लिहिलंच नाही. असा गोंधळ झाल्यावर फरक पुसट दिसणारच. मी बीकॉम आहे, पण एवढं वाचता येतं.

दुधनाकाठ

२८ टक्क्यांचं बरोबर. ते लिहायला हवं होतं. फुप्फुसाच्या बाबतीत एक्मोचा फायदा असावा असं मलाही वाटतं, ‘नको’ म्हणत नाही. माझं भांडण ‘प्रत्येक’ या शब्दाशी आहे.

हे काम हाताला सवय असल्याशिवाय जमत नाही. २०१४ मध्ये जगभरच्या एक्मो तज्ज्ञांनी मिळून लिहिलं होतं, की केंद्राकडे वर्षाला किमान २० रुग्ण हवेत. आठ ठिकाणी आठ मशीनं वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन येतील. पहिल्या वर्षी हार घालून उद्घाटन, दुसऱ्या वर्षी मशीनवर कव्हर.

तुमच्या मेव्हण्याचं ऐकून मला ब्रिटनची सीझर चाचणी आठवते, २००९ ची. ९० जणांना लेस्टरच्या एक्मो केंद्रात पाठवायचं ठरवलं, बाकीचे ९० होते तिथंच. सहा महिन्यांनी मोठ्या अपंगत्वाशिवाय जिवंत होते ६३ टक्के विरुद्ध ४७. पण त्या ९० पैकी एक्मो प्रत्यक्ष लागलं ६८ जणांना. सोळा जण तिथं नुसत्या चांगल्या व्हेंटिलेटर-उपचारांनीच सुधारले. आणि पाच जण पोचण्याआधीच गेले, तीन निघायच्या आधी आणि दोन वाटेत. सरावलेल्या हातांत वेळेवर पोचणं, हा त्या चाचणीचा खरा विषय होता असं मी मानतो.

मांजराकाठची सिस्टर

सर, ‘उशा आणि माणसं’ असं लिहिलंत ते वाचून हसू आलं. माणसं कुठून आणायची ते सांगा.

एक पेशंट पालथा करायला पाच जण लागतात. एक डोक्याशी, त्यानं श्वासाची नळी धरायची अन् बाकी काहीच करायचं नाही. नळी निसटली की खेळ खलास. आमच्याकडं रात्रीला दोन सिस्टर अन् बारा पेशंट. एक मामा (वॉर्डबॉय), तोही लॅबला गेलेला. कोविडात नातेवाइकांना पीपीई घालून पेशंट उलटे केलेत आम्ही. गालाला, छातीला फोड आले की दुसऱ्या दिवशी राउंडला बोलणी आम्हीच खायची.

एक्मोला तर प्रत्येक पेशंटला वेगळी सिस्टर लागते, चोवीस तास. रक्त पातळ ठेवायचं हेपरिन चालू असतं, दर काही तासांनी तपासणी, नळीच्या टाक्यापाशी रक्त येतंय का बघायचं, पायाचा रंग बघायचा. मशीन येईल हो. पोस्ट भरायला कुणी बोलत नाही.

वसमतचा हळदवाला

इकडं एक्मो म्हटलं की लोकांना जयललिता (२०१६) आणि एस. पी. बालसुब्रमण्यम (२०२०) आठवतात. दोघंही गेले. त्यामुळं ‘एक्मो लावलं’ म्हणजे आता फक्त बातमी यायची राहिली, असा समज पक्का आहे.

माझा प्रश्न पैशाचा आहे. आमच्या वळखीत एकानं एका खाजगी दवाखान्यात बापाला हे मशीन लावलं. एकरभर हळदीचं रान गेलं, बाप पण गेला. पण रान गेल्याचं त्याला एवढं लागलं नाही. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सुधारणा नाही, बंद करायचं का तुम्ही सांगा. पोरगा अजून म्हणतो, मीच बंद केलं. हे ओझं घरच्यांवर टाकायचं असेल तर पहिल्या दिवशी कुणी तरी खाली बसवून सांगावं ना, की इतक्या दिवसांनी फरक नाही पडला तर थांबायचं. सरकारी असो की खाजगी.

कणगी

सगळे फुप्फुसावर बोलायलेत. धागाकर्त्यानं हृदयाचा विषय एका ओळीत निकालात काढला, त्याला माझा विरोध आहे. ईसीएलएस-शॉकमध्ये फक्त हार्ट अटॅकचे पेशंट होते. त्यावरून ‘हृदयाला उपयोग नाही’ असं सरसकट कसं म्हणता?

आपल्या भागातला शॉक (हृदय कमी पडून रक्तदाब कोसळणं) वेगळाही असतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. बंद खोलीत पोती रचून त्यात गोळ्या टाकतात आणि शेजारच्या खोलीत घरची माणसं झोपतात. त्यातून फॉस्फिन वायू निघतो, उतारा नाही, हृदयाचे स्नायू लुळे पडतात. पण माणूस तेवढे काही दिवस तगला तर तेच हृदय पुन्हा चालायला लागतं. अशा रुग्णांना एक्मोवर तगवल्याचे अनुभव लुधियानाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेत. मोठ्या चाचण्या नाहीत, मान्य. पण असे पेशंट मराठवाड्यातल्या कॅज्युअल्टीत येतात, जर्मनीत नाही. मग त्याची चाचणी जर्मनीवाले कशाला करतील?

दुधनाकाठ

ही चूक कबूल. हार्ट अटॅकचा निकाल मी सगळ्या हृदयांना लावला. विषबाधा आणि विषाणूनं सुजलेलं हृदय हे वेगळे प्रकार आहेत, तिथं स्नायू परत येण्याची आशा असते. खरं तर मराठवाड्यात एक्मो का हवं याचं सगळ्यात चांगलं कारण मूळ निवेदनात नव्हतंच, ते ‘कणगी’नं दिलं.

तर सही करायला तयार आहे, पण मजकूर बदलून. विभागात एकच केंद्र. त्याला जोडून एक फिरतं पथक, जे जिल्ह्याच्या आयसीयूत जाऊन तिथंच नळ्या घालून, मशीन लावून मगच रुग्णाला हलवेल. इओलियात असंच केलं होतं. आणि उरलेल्या सात ठिकाणी पालथं झोपवण्यापुरती तरी माणसं. बालाघाटचा, त्या चाचणीत व्हेंटिलेटरवर सात दिवस काढलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे फोन पहिल्या-दुसऱ्या दिवशी जायला हवा. तीन दिवस बेड शोधण्यात गेले तर पथक असून काय करणार?

बालाघाटचा

एकच केंद्र, ठीक. कुठं?

वसमतचा हळदवाला

संभाजीनगरला ठेवलं तर हिंगोलीवाल्यांनी हैदराबादच गाठलेलं बरं. नांदेडला ठेवा.

मांजराकाठची सिस्टर

लातूर मधोमध पडतं.

कणगी

झालं. नव्या विभागीय आयुक्तालयासारखंच होणार. लातूर की नांदेड, २००९ पासून चालूच.

दुधनाकाठ

जागेवर वेगळा धागा काढा, इथं नको. सिस्टर, निवेदनात आकडा घालायचाय: एका पेशंटला पालथं करायला नेमकं काय काय लागतं?

मांजराकाठची सिस्टर

छातीखाली एक उशी, कमरेखाली एक, नडगीखाली एक, डोक्याला गोल रिंग. आम्ही सध्या चादरीच्या गुंडाळ्या करून भागवायलोत. आणि पाच माणसं, ते आधी लिहा.