कॅन्सरच्या दुखण्यात ट्रॅमाडॉल वाढवत राहायचं, की वेळेत मॉर्फिन सुरू करायचं?

उपशमन (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे डॉक्टर):
ट्रॅमाडॉल 50 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मग 100 तीनदा, मग 100 चारदा. रुग्ण तरीही कण्हतोय, पण मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे आणि डॉक्टर दोघंही म्हणतात, "इतक्यात नको." माझ्या मते 400 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉलपेक्षा दर चार तासांनी तोंडाने 5 मिलिग्रॅम मॉर्फिन जास्त भरवशाचं आहे. ट्रॅमाडॉलची वेदनाशामक ताकद बरीचशी यकृतातल्या रूपांतरावर अवलंबून असते आणि ते माणसागणिक बदलतं. शिवाय ट्रॅमाडॉल मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायनही वाढवतं. मज्जातंतूच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन किंवा उदासीसाठी एस्सिटालोप्राम चालू असेल, तर झटके येण्याचा आणि सेरोटोनिन सिंड्रोमचा (सेरोटोनिन फार वाढून होणाऱ्या गंभीर त्रासाचा) धोका वाढतो. म्हणूनच दिवसाला 400 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. 2016 मध्ये इटलीत 240 रुग्णांवर झालेल्या तुलनेत, मध्यम वेदनेसाठी कमी मात्रेतलं मॉर्फिन ट्रॅमाडॉलसारख्या सौम्य समजल्या जाणाऱ्या ओपिऑइडपेक्षा (अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकापेक्षा) सरस ठरलं.

तालुका फिजिशियन:
औषधशास्त्र मान्य. "भरवशाचं" हा शब्द मान्य नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये गाठीने मूत्रवाहिन्या दाबल्या जातात आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करताहेत हे सांगणारी रक्ततपासणी) 3-4 वर गेलेलं असतं. मॉर्फिनचे चयापचयजन्य घटक लघवीवाटे जातात. मूत्रपिंडं थकलेली असली की ते साठतात: आधी गुंगी, मग हातापायांना आचके, मग श्वास मंदावतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी "आई उठतच नाही" म्हणून फोन येतो, तो याचमुळे. दुसरं, मॉर्फिन मान्यताप्राप्त संस्थेतच मिळतं. ती 100 किलोमीटर लांब असेल आणि गोळ्या संपल्या, तर दुखणं आणि औषध तुटल्याचा त्रास एकदम अंगावर येतो. ट्रॅमाडॉल निदान जवळ मिळतं.

औषध काउंटर:
आता तेही सहज मिळत नाही, डॉक्टर. एप्रिल 2018 पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस कायद्याखाली (अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली) आहे आणि कित्येक दुकानदार ते ठेवतच नाहीत. त्याच्या जागी टॅपेंटाडॉल हे दुसरं ओपिऑइड लिहिलं जातं, तेही सौम्य समजून. त्याला यकृतात रूपांतर लागत नाही. 50 मिलिग्रॅमची एक गोळी साधारण 20 मिलिग्रॅम तोंडी मॉर्फिनच्या बरोबरीची धरतात. मॉर्फिनला घाबरणारे हे बिनदिक्कत लिहितात!

संयुक्त गोळीचं गणितही पाहा. ट्रॅमाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325, दिवसाला आठ गोळ्या म्हणजे पॅरासिटामॉल 2,600 मिलिग्रॅम. त्यात घरचे तापासाठी 650 च्या चार गोळ्या देतात. झाले 5,200. यकृतात आधीच गाठी असलेल्या रुग्णाला हे फार महागात पडतं.

उपशमन:
मूत्रपिंडाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. तिथे 2.5 मिलिग्रॅम, तेही सहा ते आठ तासांनी, किंवा सरळ फेंटानिल वा ब्युप्रेनॉर्फिन या ओपिऑइडचा त्वचेवर चिकटवायचा पॅच. पण म्हणून मूत्रपिंड धड असलेल्यालाही ट्रॅमाडॉलवर ठेवणं अन्याय आहे. एनडीपीएस कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांसाठी राज्याराज्यांतल्या वेगवेगळ्या परवान्यांची कटकट काढली. प्रशिक्षित डॉक्टर असलेली संस्था मान्यता घेऊ शकते, तुमच्या तालुक्यातलीही.

सुरुवात मॉर्फिनच्या साध्या गोळीनेच करा, दीर्घकाळ टिकणारी नंतर. मधेच कळ उठली तर दिवसभराच्या मात्रेचा एक-षष्ठांश जादा: 30 मिलिग्रॅम असेल तर 5. आणि पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्यासाठी बिसाकोडिल किंवा सोनामुखी (सेना). मळमळ आठवड्याभरात ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. त्यामुळेच रुग्ण औषध सोडतात.

तालुका फिजिशियन:
पॅच इतक्या सहज सुचवू नका. तासाला 25 मायक्रोग्रॅम सोडणारा फेंटानिल पॅच दिवसाला 60 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त तोंडी मॉर्फिनइतका होतो. दिवसाला 150 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉलवर असलेल्याला तो लावणं म्हणजे श्वास बंद पाडणं. परिणाम दिसायला 12 ते 24 तास लागतात. तोवर घरचे "लागूच पडला नाही" म्हणून दुसरा चिकटवतात. ताप, गरम पाण्याची पिशवी, यांनी औषध भराभर शोषलं जातं. काढल्यावरही रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण 17 तास जातात, म्हणून पुढचा दिवसभर लक्ष ठेवावं लागतं.

आणि हे तर्क कंबरदुखी-गुडघेदुखीकडे नेऊ नका. अमेरिकेत 1996 नंतर ऑक्सिकोडोन या ओपिऑइडचं नेमकं तेच झालं: साध्या दुखण्यांनाही ते सर्रास दिलं गेलं आणि व्यसन पसरलं.

उपशमन:
कंबरदुखीबद्दल दुमत नाही. ते या धाग्यात नकोच.

औषध काउंटर:
एक राहिलं. याच रुग्णाला झोपेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिलेलं असतं. ओपिऑइडसोबत ते दिल्यास श्वास दुहेरी दबतो. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहिल्याशिवाय औषध देऊ नये. घरच्यांना सांगावं: हाक मारून जाग येत नसेल किंवा मिनिटाला श्वास आठच्या खाली गेले, तर पुढची मात्रा थांबवा आणि रुग्णालय गाठा, ओपिऑइडवरचा उतारा नॅलोक्सोन तिथे मिळतो. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका. त्यात औषध शिल्लक असतं, लहान मुलाच्या हाती लागता कामा नये.

तालुका फिजिशियन:
हे सगळं मान्य, पण माझी अट कायम आहे: क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट हातात नसेल तर मॉर्फिन लिहायचं नाही.

उपशमन:
रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार असतील, तर तोवर 2.5 मिलिग्रॅम आठ तासांनी द्या. कळा रिपोर्टसाठी थांबत नाहीत.