टाइम स्टेप एकच ठेवायची की बदलती? धक्क्याच्या डायनॅमिक ॲनालिसिसबद्दल

खाडीकाठ (रत्नागिरी)
मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ट्रॉलर लागताना उभे राहून बघा. बाजूला लटकवलेले टायर चेपतात, पायाखालचं काँक्रीट एकदाच दणकतं आणि मग खांब हळूहळू निवतात. दणका क्षणाचा, पण निवायला कितीतरी वेळ. तरी हिशोबात दणक्यासाठी लागणारी बारीक टाइम स्टेप (एका उत्तरापासून पुढच्या उत्तरापर्यंतचं वेळेचं पाऊल) आपण शेवटपर्यंत ओढत नेतो. हे मला अजिबात पटत नाही. स्टेप त्रुटी बघून लहान-मोठी व्हायला हवी. झीन्कीविच आणि शी यांनी १९९१ साली न्यूमार्क पद्धतीसाठी (पावलापावलाने हालचाल काढायची रीत; बीटा हा तिच्यातला आपण निवडायचा आकडा) त्रुटीचा सोपा अंदाज दिलाय: स्टेपच्या दोन टोकांच्या त्वरणांतला फरक, गुणिले स्टेपचा वर्ग, गुणिले (बीटा वजा १/६). सगळे आकडे हाताशी असतातच.

घाटमाथा
अंदाज स्वस्त आहे हो, पण स्टेप बदलणं स्वस्त नाही. इफेक्टिव्ह स्टिफनेसमध्येच, म्हणजे प्रत्येक पावलाला सोडवायच्या समीकरणांच्या मॅट्रिक्समध्येच, स्टेप बसलेली असते. लिनियर (ताठपणा न बदलणाऱ्या) मॉडेलला स्टेप कायम ठेवली की मॅट्रिक्स एकदाच फॅक्टराइज करायचा (सोडवायला सोप्या भागांत फोडायचा), पुढे प्रत्येक पावलाला किरकोळ काम. तुम्ही दर चार पावलांनी स्टेप हलवणार, म्हणजे वाचलेलं सगळं तिथेच गेलं. आणि बीटा १/६ घेतला तर तुमचा अंदाज शून्य येतो. मग त्रुटी खरंच नाही असं धरायचं?

खाडीकाठ
१/६ चा मुद्दा बरोबर. मी १/४ वापरतो, तिथे गुणक १/१२ येतो. स्टेपही मी फक्त दुप्पट किंवा निम्मी करतो, तीही त्रुटी ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेली तरच. दोन-तीन फॅक्टराइज केलेले मॅट्रिक्स साठवून ठेवले की झालं. शिवाय रबरी फेंडर (बोटीचा धक्का झेलणारा तो टायर) चेपत जाईल तसा ताठ होतो. नॉन-लिनियर मॉडेलला मॅट्रिक्स तसाही पुन्हा बांधावाच लागतो.

चिपळूणकर
दादा, माझी हरकत वेगळी आहे. हा अंदाज एका पावलापुरता. साठत जाणारी चूक त्याला दिसत नाही. धक्क्याचा आवर्तकाल (एका हेलकाव्याला लागणारा वेळ) १ सेकंद धरा, स्टेप ०.१ सेकंद. बीटा १/४ ला आवर्तकाल सुमारे ३.३ टक्क्यांनी लांबतो. म्हणजे पंधराव्या हेलकाव्याच्या सुमाराला खरा धक्का समुद्राकडे झुकलेला, तुमचा मॉडेलमधला जमिनीकडे! स्टेप निम्मी केली तर हीच चूक ०.८ टक्क्यावर येते. दणका सरला म्हणून स्टेप वाढवायची, तर नेमकी तिथेच ही चूक वाढते. दुसरी बोट त्याच वेळी लागली तर?

भूकंपाला तर मी बदलती स्टेप वापरूच देणार नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरातली वडीलधारी मंडळी अजून सांगतात. त्या धरणावर मिळालेली हादऱ्याची नोंद आजही अभ्यासात वापरतात. अशी नोंद ठरावीक अंतराच्या बिंदूंची असते. स्टेप त्या अंतरापेक्षा मोठी झाली की मधलं शिखर सरळ उडी मारून सुटतं.

घाटमाथा
म्हणूनच म्हणतो, आवर्तकालाचा दहावा भागही पुष्कळदा अपुरा पडतो. विसावा घ्या आणि कायम ठेवा.

खाडीकाठ
भूकंपापुरतं मान्य. तिथे स्टेप नोंदीच्या अंतराशी बांधलेलीच हवी. पण बोटीसाठी मी माघार घेत नाही. चिपळूणकर, तुमच्या हरकतीवर उपाय एवढाच की वरची मर्यादा मुख्य आवर्तकालाच्या विसाव्या भागावर घालायची आणि त्याखाली स्टेपला मोकळं सोडायचं. टायर चेपतो तेव्हा ती कितीही बारीक होऊ दे.

चिपळूणकर
मर्यादा घातली तर माझी हरकत मागे. पण एक रन कायम बारीक स्टेपने करून खांबाच्या माथ्याचं विस्थापन शेजारी ठेवा. ते जुळल्याशिवाय मी सही करणार नाही.