कोकण पाहायला ट्रॅव्हल्सनं जावं की गाडी करून?

बांधावरून:
तूर निघाली, कापसाची शेवटची वेचणी उरली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दारव्हा पट्ट्यात फ्लेक्स लागतात. 'कोकण दर्शन, सात दिवस, चहा-नाश्ता-दोन वेळचं जेवण, पुशबॅक सीट.' यंदा आमच्या गावची बस भरत आली आहे आणि रोज कोणी ना कोणी विचारतं, तुमच्या घरचे किती लिहू? माझं उत्तर इथं देतो. ज्याला पटत नाही त्यानं खुशाल बोलावं.

मोठ्या बसमधून पाहायचा मुलूखच नाही तो. मुंबई-गोवा महामार्ग समुद्राच्या काठानं जात नाही, आतून जातो. काठावरची गावं तिथून खाली उतरून, आणि दोन गावांच्या मधे खाडी. म्हणून बस महामार्गावरून गणपतीपुळ्याला उतरते, परत वर चढते, मालवणला उतरते, परत वर. फणीच्या दात्यांतून वर-खाली फिरल्यासारखं. लहान गाडी असली की काठाकाठानं जाता येतं. जयगडला जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवायची, पलीकडे तवसाळ. तिथून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. पुढे धोपाव्याला पुन्हा बोट, उतरलो की दाभोळ, मग दापोली. खाडी ओलांडणं हाच अर्धा प्रवास आहे आणि बसच्या यादीत नेमकं तेच नसतं.

ती यादी एकदा नीट वाचा. तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर, नरसोबाची वाडी, पावस, गणपतीपुळे, मार्लेश्वर. याला देवदर्शन म्हणा ना, कोकण दर्शन कशाला? आमच्या आळीतले मागं जाऊन आले. पुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेचा समुद्र उजवीकडे लागतो. डावीकडच्या सीटवाल्यांनी डोंगर पाहिला. बस थांबली नाही, कारण पुढं पावसला प्रसादाची वेळ गाठायची होती.

सहा जणांनी मिळून सात सीटची गाडी करावी, वाटेल तिथं थांबावं. आणि हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाईन, वर रानडुकरं, अशात सात दिवस रान कोणाच्या भरवशावर सोडायचं? गाडी असली की पाचव्या दिवशी परत फिरता येतं.

गटाची सचिव:
भाऊ, तुमच्या गावची बस ज्या बचत गटानं भरली त्याचीच मी सचिव. तवा उत्तर मीच देतो.

गाडी केली तं गाडीत कोण बसते ते सांगू काय? पुढं भाऊ, मंधात वहिनी अन् लेकरं, मागं बॅगा. एखादी सीट उरली तं भावाचा दोस्त. आजीले म्हणतेत, तुले घाट सोसणार नाई, तू घरीच राह्य. आत्या इधवा असन तं तिचं नावच निंघत नाई. ट्रॅव्हल्समधी तसं नसते. बाईनं पैसे भरले की सीट नंबर तिचा. कोणाले इचारा लागत नाई, कोणाची मर्जी पाह्यावी लागत नाई. माह्या गटातल्या कितीक बायांनी जन्मात समुद्र पाह्यला नव्हता, अन् घरी चारचाकी उभी हाय बरं त्यांच्या.

दुसरं जेवणाचं. बससंगं आचारी असते. डिक्कीत गंज, भगोने, शेगडी, कणकीचा कट्टा. सकाळी पाच वाजता फोडणीचा वास आला की बाया आपसूक उठतेत. माळकरी बाई हॉटेलात गेली अन् बाजूच्या टेबलावर मासोळी दिसली, तं ती दिवसभर केळावर काढते. तुमच्या गाडीत तिची सोय काय?

अन् देवदर्शन म्हणून नाक कायले मुरडता? तुळजापूर वाटंतच लागते, तं आईच्या दारावरून तसंच निंघून जावं काय?

पिवळी पाटी:
माझा धंदाच गाडीचा. तरी गाडीच्या बाजूनं आंधळेपणानं बोलणार नाही.

आधी पाटी पाहा. आपल्याकडे नव्वद टक्के सौदे ओळखीतल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीवर होतात. 'आपलाच पोरगा आहे, डिझेल टाकून द्या, रोजाचं पाहून घेऊ.' खाजगी गाडी भाड्यानं चालवता येत नाही. रस्त्यात काही झालं आणि गाडी भाड्यानं घेतल्याचं निघालं तर विमा कंपनी हात वर करते. तेव्हा तो आपला पोरगाही कामाला येत नाही. पिवळी पाटी, काळे अक्षर, परमिट, फिटनेस पाहूनच इसार द्या.

आता हिशोब. आर्णीहून नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी, म्हणजे आठशेच्या घरात किलोमीटर. हा सगळा रत्नागिरी-नागपूर महामार्गच आहे, रस्ता बराच सुधारला. पण एका डायव्हरनं एका दमात ओढायचं हे अंतर नाही. बांधावरच्या भाऊंचे पाच दिवस मोजा. जायचा एक, यायचा एक, आणि दोन्ही वेळा डायव्हर मेल्यासारखा. किलोमीटरवर गाडी केली तर बरेच जण रोजचे किमान 300 धरतात. पाच दिवसांचे 1500 होतात, तुमचं नुसतं जाणं-येणंच 1600 भरते. त्यावर फिरणं वेगळं, टोल वेगळा, डायव्हरचा भत्ता वेगळा.

भत्त्यावरून आठवलं. लोक घासाघीस करतात ती नेमकी तिथं. लॉजवर स्वतःसाठी तीन खोल्या घेतात, डायव्हरला म्हणतात गाडीत झोप, गाडीची राखण पण होईल. डासांनी रात्रभर फोडलेला तो माणूस, आणि सकाळी घाटात सगळं घरदार त्याच्याच हातात.

नागपुरी पोट्टा:
मग डायव्हर पाहिजेच कशाला? नागपुरात सेल्फ ड्राइव्ह मिळते, काळी पाटी पिवळे अक्षर, एकदम कायदेशीर. ॲपवर बुक करा, दोघांनी आलटून पालटून चालवा. काका लोकांचे वाद ऐकून जमाना कुठे गेला ते कळतच नाही इथं.

पिवळी पाटी:
बाळा, कायदेशीर आहे हे कबूल. पण आपल्या सपाटीवर शिकलेला हात तिकडं गेला की काय होते ते मी पाहत असतो. कोकणातल्या गावात रस्ता गाडीएवढा, दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि वळणावरून समोर एसटी. ती मागं येत नाही. तुला दीडशे फूट रिव्हर्स घ्यावं लागते, तेही चढावर, मागं बसलेल्या मावशीची उलटी सुरू असताना. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं असते, ब्रेकवर पाय ठेवून नाही. हे ॲप सांगत नाही. आणि गाडीला ओरखडा गेला की डिपॉझिटचं काय होते, तेही विचारून घे.

बांधावरून:
सचिवताई, सीटवर बाईचा हक्क, हा मुद्दा मोठा आहे, पण तो घरातल्या माणसांचा दोष आहे, गाडीचा नाही. गाडीतही आजीला मधल्या सीटवर बसवता येतं.

ट्रॅव्हल्सबद्दल एक गोष्ट कोणी बोललं नाही. 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ रात्री ट्रॅव्हल्स पेटली आणि 25 माणसं झोपेतच गेली. तेव्हापासून आमच्या घरी रात्रीची बस म्हटलं की आई गप्प होते. टूरच्या बसही रात्रीच पळवतात, कारण रात्र रस्त्यात काढली की एका मुक्कामाचं लॉज वाचतं. माझ्या गाडीला मी सांगू शकतो, नऊ वाजले, सोलापुरात थांब. बसला कोण सांगणार?

गटाची सचिव:
आमी सांगतो. गटानं लेखी करारच केला हाय, रात्री दहा ते पहाटे पाच गाडी उभी राह्यन. दोन डायव्हर पाह्यजेत, मागचं संकटकाळचं दार उघडून दाखवा लागन, त्याच्यापुढं कणकीचे कट्टे ठेवायचे नाईत. ट्रॅव्हल्सवाला कुरकुरला, मंग तयार झाला. पूर्ण बस भरून देणाऱ्याचं तो ऐकते. गाडीवाल्या पाव्हण्याले असं लेखी मागून पाह्यजा बरं एकदा.

जुना वाहक:
एसटीत तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलं, म्हणून राहवलं नाही. दोन्ही पक्ष महामंडळाला विसरले.

पूर्ण बस पाहिजे तर आगारात प्रासंगिक करारावर एसटी मिळते. किलोमीटरच्या हिशोबानं पैसे आगाऊ भरायचे, पावती घ्यायची. दोघं-तिघं असाल तर 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढा, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. एकदा काढला की मुदतीत त्या प्रकारच्या हव्या त्या गाडीत चढा. आणि 75 वर्षांवरच्यांना तर ऑगस्ट 2022 पासून राज्यात कुठंही फुकट आहे, बायांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. सचिवताईंच्या म्हाताऱ्या बायांना ट्रॅव्हल्सचा खर्च कशाला?

शिवाय रेल्वे. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी आठवड्यातून दोनदा सोडत आले आहेत, चालू आहे का तेवढं आधी पाहून घ्या. वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला करत ती थेट चिपळूण, रत्नागिरी, कुडाळला जाते. दारव्ह्याची शकुंतला रेल्वे बंद पडली, वर्धा-यवतमाळ-नांदेडचं काम अजून चालूच आहे, म्हणून आपल्याला आधी धामणगाव किंवा बडनेरा गाठावं लागतं, एवढाच ताप.

गटाची सचिव:
काका, पास बरा हाय. पण गुडघे गेलेली बाई बॅग घेऊन तीन स्टँडवर गाडी बदलन काय? तुमीच सांगा, तुमच्या गाडीत पायरीवर हात देणारा वाहक किती वेळा भेटला?

जुना वाहक:
मी देत होतो.

मूळ पुसद:
मी पुसदचा, गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक. तुमच्या बसही इथंच येतात आणि गाड्याही, दोन्हींची गंमत पाहतो.

पिवळ्या पाटीनं आकडे दिले, त्यातला खरा मुद्दा तसाच राहिला. 2000 किलोमीटरचे पैसे मोजून तुम्ही कोकणात फिरता 400. बाकीचं डिझेल नांदेड-सोलापूरवर जाळता. आठशे किलोमीटर गाडी आणायची गरज काय? रेल्वेनं रत्नागिरीला उतरा, इथली गाडी तीन दिवस करा. पाटी पिवळी, डायव्हर इथला. गडग्यातून रिव्हर्स घेणं त्याला लहानपणापासून येतं, जेट्टी किती वाजता सुटते ते त्याला तोंडपाठ असतं. पुळं तिथून पंचवीसेक किलोमीटरवर. मालवणला जायचं तर कुडाळला उतरा.

दुसरं, जे इथं कोणीच काढलं नाही. समुद्र घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो, आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद भेग आहे, बामणघळ म्हणतात. भरतीला लाट त्यात शिरते आणि पाणी कारंज्यासारखं उंच उसळतं. ओहोटीला नुसता काळा खडक. तुमच्याकडची बस आली की हमखास ओहोटीला येते. लोक खाली वाकून पाहतात, म्हणतात काहीच नाही, आणि बसमध्ये चढतात. लहान गाडीवाले तरी थांबतात असं नाही. त्यांना संध्याकाळी दुसऱ्या गावचं हॉटेल गाठायचं असतं.

पुळ्याला दर्शन झाल्यावर सरळ पाण्यात शिरू नका. तिथला उतार एकदम खोल जातो, लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. नदी-विहिरीत पोहणाऱ्याला वाटतं आपल्याला येतं. किनाऱ्यावर पाट्या आहेत, त्या वाचा. आणि मालगुंड तिथून जेमतेम दीड-दोन किलोमीटर. केशवसुतांचं जन्मघर आहे, बस समोरून निघून जाते.

बांधावरून:
गुरुजी, हे जमण्यासारखं आहे. म्हणजे मी म्हणतो तेच झालं, लहान गाडी, काठाकाठानं. फक्त गाडी तिकडची.

नागपुरी पोट्टा:
नाही काका, तुम्ही म्हणत होता गाडी आर्णीहून. वर पाहून घ्या.

मूळ पुसद:
आचाऱ्याच्या जेवणाबद्दल ताईंना एक विनंती. किनाऱ्यावर चूल मांडू देऊ नका. द्रोण-पत्रावळी वाळूत पुरून बस निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी ते गोळा करायला आमच्या शाळेची पोरं जातात. गावात घरगुती जेवण सांगून ठेवलं तर शाकाहारी ताट वेगळ्या चुलीवरचं मिळतं. आमटी-भात, सोलकढी, एखादे दिवशी उकडीचे मोदक. ठेचा मात्र सोबत आणा. इथल्या तिखटानं आपल्या माणसाचं काही होत नाही.

गटाची सचिव:
पत्रावळीचं आचाऱ्याले सांगून ठेवतो, वाळूत एक पान राह्यलं तं त्याचे पैसे कापीन. भरतीचं टाईमटेबल तेवढं मास्तरांनी पाठवजा, ट्रॅव्हल्सवाल्याच्या नाकासमोर ठेवतो. बस मी काई रद्द करत नाई, इसार देऊन झाला.

अन् बांधावरचे भाऊ, गाडीत आजीले मधली सीट देता येते म्हणलं ना तुमी? तुमच्या आईचं नाव काल माह्या यादीत आलं. स्वतः येऊन लिहून गेल्या, पैसे रोख. सीट नंबर 14, खिडकी. जातानी अन् येतानी दोन्ही वेळा उजवीकडचीच पाह्यजे म्हणे. तेवढं काई जमत नाई म्हणलं, तं म्हणे आरे-वारेले जागा बदलून दे.