मदत हवी आहे: ‘सिंहासन’नंतर घरी कोणता नवीन राजकीय मराठी सिनेमा बघावा?

आमच्याकडे शनिवारी रात्री एक जुना मराठी सिनेमा आणि पुढच्या शनिवारी त्याच विषयावरचा नवा, असं चालू आहे आणि नंतर जेवताना वाद. ‘सिंहासन’ (१९७९) सगळ्यांना आवडला, निळू फुल्यांचा दिगू पत्रकार आणि अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री यावर अजून चर्चा संपलेली नाही. आता जोडीला नवीन काय लावू तेच सुचत नाहीये.

‘धुरळा’ बघून झाला, मजा आली पण बाबांच्या मते त्यात घरातली भांडणंच जास्त, मंत्रालय कुठाय? ‘कोर्ट’ मला प्रचंड आवडला पण कॅमेरा एका जागी ठेवून लांबच लांब शॉट, बाबा अर्ध्यातच झोपले. ‘सामना’ सुचवू नका प्लीज, तो पाठ आहे.

२०१० नंतरचा हवा, अडीच तासांच्या आत, मारामारी कमी, आणि वहिनी बंगाली आहे म्हणून इंग्लिश सबटायटल्स पाहिजेतच. पायरेटेड लिंक नको, ओटीटीचं भाडं द्यायला तयार आहे.

तर सत्ता आणि पत्रकार दोन्ही असलेला असा कोणता सिनेमा आहे, आणि सबटायटल्ससकट सध्या कुठे मिळेल?